मेंदूत नवीन पेशी बनतात म्हणे, मग आईची आठवण परत येईल का?

पत्र (थोडं कापून घेतलंय):

"नमस्कार ताई. मी इचलकरंजीचा, वय ४६. घराच्या खालीच आपले चार माग आहेत. आई ७० वर्षांची, तिनंपण उभं आयुष्य इथंच कांड्या भरल्या. गेल्या वर्षी न्यूरोच्या डॉक्टरांनी एमआरआय वगैरे करून अल्झायमर सांगितला, सुरुवातीची स्टेज. डोनेपेझिल नावाची गोळी चालू केली आणि म्हणाले पुढं बघू. मला ते काय पटलं नाही. भाच्यानं पुण्याहून एक व्हिडिओ पाठवला, त्यात सांगितलंय की मेंदूत रोज ७०० नवीन पेशी तयार होतात, कुठल्याही वयात, फक्त चालना द्यायला पाहिजे. तेव्हापासून आईला अक्रोड, ब्राह्मीची पावडर, सकाळी शब्दकोडं आणि पाढे, आणि संध्याकाळी मी प्रश्न विचारतो, आज वार कोणता, दुपारी काय जेवलीस. ती चिडते. परवा रडली. आता एका सेंटरवाल्यांनी स्टेम सेलचं पॅकेज सांगितलंय, साडेतीन लाख, तीन सिटिंग. एफडी मोडायची तयारी आहे. बहीण म्हणते वेडा आहेस का, दोन महिने बोलत नाही. शाळेत शिकवलं होतं की मेंदूच्या पेशी परत येत नाहीत, मग खरं काय? आणि ताई, मला पण होणार का हे?"

दादा, एफडी मोडू नका. बाकीचं सगळं सावकाश वाचा, पण हे आधी.

मी डॉक्टर नाही, मेमरी क्लिनिकमध्ये घरच्या लोकांशी बोलायचं काम बरीच वर्षं केलंय, आणि तुमच्यासारखा व्हिडिओ मोबाईलमध्ये घेऊन येणारी माणसं मला नेहमी भेटतात. गंमत अशी की व्हिडिओतला ७०० हा आकडा खोटा नाहीये. कुणीतरी मनानं ठोकून दिला असता तर मला उत्तर द्यायला सोपं गेलं असतं. आकडा खरा आहे, पण त्याच्यावर जे दुकान मांडलंय ते खोटं आहे, म्हणून जरा मुळापासून सांगते.

शाळेत तुम्हाला जे शिकवलं ते त्या काळात सगळेच मानत होते. स्पेनचे सान्तियागो रामोन इ काहाल, मेंदूची पेशी कशी दिसते हे ज्यांनी जगाला दाखवलं आणि १९०६ चं नोबेल ज्यांना मिळालं, त्यांचंच मत होतं की मोठ्या माणसाच्या मेंदूत सगळं मरू शकतं पण नव्यानं काही उगवत नाही. एवढा मोठा माणूस म्हणाला म्हटल्यावर पुढची पन्नास वर्षं कुणी फारसं बघायलाच गेलं नाही. मग १९६५ ला अमेरिकेत जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास या दोघांनी उंदरांना एक किरणोत्सारी खूण लावलेलं रसायन टोचलं, जे फक्त नव्यानं विभागणाऱ्या पेशीच्या डीएनएमध्ये शिरतं, आणि मेंदूत हिप्पोकॅम्पस म्हणून जो भाग आहे, नवीन आठवण पक्की करणारा, तिथं त्यांना खूण लागलेल्या पेशी सापडल्या. लोकांनी दुर्लक्ष केलं. ८० च्या दशकात फर्नांडो नॉटेबोम यांनी कॅनरी पक्ष्यांच्या मेंदूत, गाण्याशी संबंध असलेल्या भागात नवीन पेशी दाखवल्या, तरी लोक म्हणाले ते पक्ष्यांचं झालं, माणसाचं काय. १९९८ ला स्वीडन आणि अमेरिकेच्या टीमनं (पीटर एरिक्सन आणि फ्रेड गेज) माणसाचं दाखवलं. पाच कॅन्सर पेशंट होते, त्यांना ट्यूमर किती वाढतोय हे बघायला तसलंच खूण करणारं एक रसायन दिलेलं होतं, ते गेल्यावर त्यांचे मेंदू तपासले तर हिप्पोकॅम्पसमध्ये खूण लागलेल्या नवीन पेशी होत्या. मरणाच्या दारातल्या माणसांनी परवानगी दिली म्हणून हे कळलं, व्हिडिओवाले हे सांगत नाहीत, पण मला ते सांगावंसं वाटतं.

आणि तुमचे ७०० आले २०१३ ला, स्टॉकहोमच्या योनास फ्रिसेन यांच्या टीमकडून. १९५५ ते १९६३ च्या दरम्यान उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या, त्यामुळं हवेत कार्बन-१४ वाढला, तो झाडांत गेला, अन्नातून माणसांत गेला. पेशी ज्या वर्षी जन्मली त्या वर्षीच्या हवेतला कार्बन तिच्या डीएनएमध्ये अडकून बसतो, म्हणजे पेशीचा जन्मदाखलाच. ५५ जणांच्या मेंदूंवरून त्यांनी हिशोब काढला की एकेका बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दिवसाला साधारण ७०० पेशींची भर पडते. माणसं मारायच्या बॉम्बमधून हे कळावं, काय म्हणायचं.

इथंच व्हिडिओ संपतो. पण गोष्ट संपत नाही.

२०१८ च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमनं सांगितलं की आम्ही ५९ नमुने बघितले, लहान मुलांत नवीन पेशी आहेत, वयात येईपर्यंत कमी होत जातात आणि मोठ्या माणसात आम्हाला एकही सापडली नाही. आणि जेमतेम महिन्याभरात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीमनं सांगितलं की १४ ते ७९ वयाच्या २८ जणांत आम्हाला हजारोंनी सापडल्या. झाली का पंचाईत. भांडणाचं एक मोठं कारण साधं होतं, मेंदू काढल्यावर तो रसायनात किती वेळ ठेवला याच्यावर नवीन पेशींची खूण दिसणार की पुसली जाणार हे ठरतं. २०१९ ला माद्रिदच्या मारिया यॉरेन्स-मार्तिन यांच्या लॅबनं तेच नीट जपून केलं, तर ४३ ते ८७ वयाच्या, मेंदूचा आजार नसलेल्या १३ माणसांत भरपूर कोवळ्या पेशी दिसल्या, आणि अल्झायमर झालेल्या ४५ जणांत त्या कमी होत्या, अगदी सुरुवातीच्या टप्प्यापासूनच कमी. पुढं २०२१ ला त्याच लॅबला पार्किन्सन, हंटिंग्टन असल्या मेंदूच्या आजारांतही नवीन पेशी बनायचं काम बिघडलेलं दिसलं. आणि २०२५ ला पुन्हा फ्रिसेन यांच्या टीमनं नवीन पेशी ज्यांच्यापासून बनतात त्या मूळ पेशीच मोठ्या माणसांत शोधून काढल्या, ७८ वर्षांपर्यंत. पण काही जणांत त्या बऱ्याच होत्या आणि काही जणांत जवळजवळ नाहीतच. म्हणजे "कुठल्याही वयात, सगळ्यांना, रोज ७००" हे वाक्य तिथंच बाद. सगळे शास्त्रज्ञ अजूनही एकमतात नाहीयेत, माझा स्वतःचा कल बनतात असं म्हणणाऱ्यांकडं आहे, पण तुमच्या आईसाठी या भांडणाचा निकाल काय लागतो त्यानं खरं तर फरक पडत नाही. का ते बघा.

पूर्ण मेंदूत अशा पेशी (न्यूरॉन) आहेत साधारण ८६ अब्ज. नवीन बनतात त्या हिप्पोकॅम्पसच्याही एका छोट्या पट्टीत, डेंटेट जायरस म्हणतात तिला. आणि अल्झायमर पहिला घाव घालतो तो शेजारच्या एन्टोरायनल कॉर्टेक्सवर, जिथून हिप्पोकॅम्पसला माहिती पोचते. तिथं नवीन पेशी बनत नाहीत. अगदी सौम्य आजार असताना गेलेल्या लोकांचे मेंदू मोजले तेव्हा त्या भागाच्या दुसऱ्या थरातल्या निम्म्याहून जास्त पेशी आधीच गेलेल्या होत्या, म्हणजे घरच्यांना "हल्ली विसरते" एवढंच वाटत असतं तेव्हा आत इतकं झालेलं असतं. जिथं पडझड आहे तिथं भरती नाही आणि जिथं भरती आहे ती चिमूटभर. शिवाय आठवण ही एका पेशीत ठेवलेली नसते, हजारो पेशींच्या एकमेकींशी झालेल्या जोडणीत असते. तुमच्या धंद्यातलं सांगते, जळालेल्या साडीच्या जागी मागावर नवीन सूत चढवलं तर नवीन कापड निघेल, पण त्या साडीवरची नक्षी त्या सुताला माहीत नसते.

मग या नवीन पेशींचा उपयोग काय? उंदरांवरून असं दिसतंय की सारख्या दिसणाऱ्या दोन आठवणी वेगळ्या ठेवायला त्या मदत करतात, म्हणजे काल गाडी कुठं लावली आणि आज कुठं लावली यातला घोळ होऊ नये म्हणून. उपयोग आहेच. पण औषधानं नुसत्या पेशी वाढवल्या तर? तेही करून झालंय. २०१८ ला अल्झायमरसारखा आजार केलेल्या उंदरांत औषधानं आणि जीनच्या मार्गानं नवीन पेशी वाढवल्या, उंदरांची आठवण काही सुधारली नाही. चाकात पळायला लावलेल्या उंदरांची सुधारली, कारण पळण्यानं पेशींबरोबर बीडीएनएफ नावाचं, पेशींना जगवणारं प्रथिनही वाढलं, आणि औषधाला त्या प्रथिनाची जोड दिली तेव्हाच औषधानंही फरक पडला. नवीन पेशीला आजूबाजूचा परिसर जगण्यासारखा लागतो, आणि या आजारात नेमका तोच बिघडलेला असतो.

आता ते स्टेम सेलचं पॅकेज. स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी. पोटाच्या चरबीतून नाहीतर हाडाच्या मगजातून पेशी काढायच्या आणि सलाईनमधून किंवा पाठीच्या मणक्यातून सोडायच्या, हेच ना? त्या पेशी मेंदूत जाऊन आठवणीच्या पेशी बनतात आणि अल्झायमर सुधारतो हे कुणीही सिद्ध केलेलं नाही. आपल्याकडं आयसीएमआरचे (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) २०१७ चे नियम आहेत, ज्या रक्ताच्या आजारांत बोन मॅरो ट्रान्सप्लांट मान्य आहे ते सोडून स्टेम सेलचा बाकी कुठलाही वापर हा प्रयोग धरायचा, आणि तो नोंदणी केलेल्या ट्रायलमध्येच करायचा, पैसे घेऊन विकायचा नाही. म्हणून त्या सेंटरला एकच विचारा, तुमच्या ट्रायलचा सीटीआरआय नंबर (ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा नंबर) काय? खरा ट्रायल असेल तर ते नंबर देतील आणि साडेतीन लाख मागणार नाहीत. ते नंबराऐवजी बरं झालेल्या पेशंटचा व्हिडिओ दाखवायला लागले की चप्पल घाला आणि निघा.

ते तुम्हाला पार्किन्सनचं उदाहरण देतील, तेही सांगून ठेवते. २०२५ ला खरंच दोन चांगले रिपोर्ट आले, अमेरिका-कॅनडात १२ पेशंट आणि जपानमध्ये क्योटोला ७ पेशंट, लॅबमध्ये डोपामिन (हालचालीला लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशी तयार करून ऑपरेशन करून मेंदूत ठराविक जागी सोडल्या. त्या तगल्या, आणि मोठा धोका दिसला नाही. पण ते मुख्यतः सुरक्षित आहे का बघायला केलेले छोटे ट्रायल होते, आणि पार्किन्सनमध्ये हालचालीचा त्रास बराचसा एकाच प्रकारच्या पेशी गेल्यामुळं होतो म्हणून तिथं भरायला जागा तरी ठरलेली आहे. अल्झायमर सगळीकडं पसरतो. कुठं भरणार?

एवढं वाचून तुम्ही म्हणाल मग करायचं काय, हातावर हात ठेवून बसायचं? नाही हो.

पहिलं, संध्याकाळची परीक्षा आजपासून बंद. हे मी स्टेम सेलपेक्षा जास्त जोर देऊन सांगतेय. आज वार कोणता, जेवलीस काय, मला ओळखलंस का, हे प्रश्न विचारून नवीन पेशी तयार होत नाहीत, तिला फक्त रोज एकदा कळतं की आपण नापास झालो. आणि नापास कशात झालो हे ती विसरते, पण वाईट वाटलेलं राहून जातं, मग तुम्ही खोलीत आलात की ती आक्रसते आणि तिला स्वतःलाच कळत नाही का. पाढे तर सोडाच. तुम्ही हे प्रेमापोटी करताय हे मला दिसतंय, आईला दिसत असेलच असं नाही. विचारण्याऐवजी सांगत जा, "आई आज गुरुवार, दुपारी आमटी केलेली, तू दोनदा घेतलीस." जुन्या गोष्टी काढा, कांड्या भरायच्या दिवसांतल्या, माहेरच्या, त्या अजून बऱ्याच शाबूत असतील. हाताला जमणारी कामं द्या, शेंगा फोडणं, भाजी निवडणं, चुकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही अशी.

दुसरं, डॉक्टरांकडं परत जा आणि काही गोष्टी नाव घेऊन विचारा. बी-१२ आणि थायरॉइड झालंय का? आईला शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ नक्की बघायला सांगा, त्या गोळीनं ते कमी होतं. सर्दीच्या, झोपेच्या, लघवी धरून ठेवायच्या काही गोळ्यांनी वयस्कर माणसाचा गोंधळ वाढतो, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, ब्राह्मीसकट, अक्रोड राहू द्या घरी. मन उदास असलं तरी विसरायला होतं. यातलं काही सापडलं म्हणून अल्झायमर जाणार नाही, पण त्याच्यावर चढलेला जादाचा बोजा उतरू शकतो, आणि तो कधीकधी बराच असतो. डोनेपेझिल आपल्या मनानं बंद करू नका, ती आजार थांबवत नाही, पण काही जणांना रोजच्या व्यवहारात थोडा काळ आधार मिळतो. जुलाब, भूक मरणं, नाडी मंद होऊन चक्कर असं झालं तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. परदेशात लेकानेमॅबसारखी इंजेक्शनं निघालीत, ती या आजारात मेंदूत साठणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन कमी करतात आणि दीड वर्षात घसरण साधारण २७ टक्क्यांनी हळू झालेली दिसली, पण गेलेलं परत आणत नाहीत, आणि मेंदूला सूज येणं, रक्तस्राव होणं हे धोके आहेत. डॉक्टरांनी "पुढं बघू" म्हटलं ते तुम्हाला टाळल्यासारखं वाटलं, खरं तर त्यांनी समजावायला वेळ द्यायला हवा होता, पण चुकीचं काही केलेलं नाही.

ब्राह्मीनं अल्झायमर सुधारतो असा भक्कम पुरावा नाही. गिंकोच्या कॅप्सूल कुणी सुचवल्या तर त्याही नकोत, अमेरिकेत ३०६९ वयस्कर लोकांवर वर्षानुवर्षं मोठा अभ्यास झाला, २००८ ला निकाल आला, डिमेन्शिया (आठवण आणि समज जाणं, अल्झायमर हा त्यातलाच एक आजार) टळला नाही.

तिसरं, कान. तुमच्या पत्रातलं हेच मला सगळ्यात जास्त खटकलं आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, घराखाली माग आणि आईचं आयुष्य त्या आवाजात गेलं. मागांच्या खडखडाटानं कान जातात हे इचलकरंजीत मी सांगायला नको. आईची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू किती येतं याची तपासणी, करून घ्या. ऐकू न येणारं माणूस उत्तर चुकवतं आणि घरच्यांना वाटतं विसरलं, तेव्हा अर्धी "विसराळू" माणसं बहिरी असतात असं मी चेष्टेनं म्हणते पण त्यात तथ्य आहे. अमेरिकेत ९७७ लोकांवर श्रवणयंत्राचा ट्रायल झाला, २०२३ ला निकाल आला, सगळ्यांत मिळून फरक दिसला नाही पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्यांची घसरण तीन वर्षांत जवळजवळ निम्म्यानं कमी होती. त्यांना डिमेन्शिया झालेला नव्हता, त्यामुळं आईला तेवढा फायदा मिळेल असं मी म्हणणार नाही, पण नातवंडं काय बोलतात ते ऐकू येणं हाच मोठा फायदा आहे. मशीन चांगलं घ्या. एफडीतून काढायचेच असतील तर यासाठी काढा. मोतीबिंदू पण बघून घ्या त्याच फेरीत.

आणि चालणं. २०११ चा एक अभ्यास सगळे व्हिडिओवाले दाखवतात, १२० वयस्कर लोक, त्यातले निम्मे वर्षभर आठवड्यातून तीनदा चालले, त्यांचा हिप्पोकॅम्पस २ टक्के वाढला. खरा आहे. पण ते लोक निरोगी होते. डिमेन्शिया झालेल्या ४९४ लोकांना इंग्लंडमध्ये जोरदार व्यायाम दिला, २०१८ ला निकाल लागला, अंगात ताकद आली पण आठवणीची घसरण थांबली नाही. म्हणून आईला चालायला न्या ते मेंदूत पेशी उगवाव्यात म्हणून नको, संध्याकाळी बाहेरची हवा लागते, झोप बरी लागते, चार ओळखीची माणसं भेटतात म्हणून न्या. ती थकली की परत.

एक रुक्ष काम राहिलंय आणि ते या महिन्यातच उरका. मृत्युपत्र, बँकेची खाती, नॉमिनी, घराचे कागद. आई अजून समजून उमजून सही करू शकतेय तोवरच याला अर्थ आहे, डॉक्टरांकडून तसं सर्टिफिकेट घेऊन ठेवा. मुखत्यारपत्रावर विसंबू नका, आपल्याकडं ते करून देणारं माणूस भानावर असेपर्यंतच चालतं, नंतर लोक कोर्टाच्या फेऱ्या मारत बसतात. आणि हे बहिणीला बोलावून, तिच्यासमोर करा. पॅकेजबद्दल तिचं बरोबर होतं, तिला फोन करून तसं सांगा, कमीपणा येत नाही. पण तिलाही विचारा की महिन्यातले चार दिवस आईला घेशील का, किंवा इकडं येऊन राहशील का, कारण माग चालवून एकट्यानं हे पाच-दहा वर्षं रेटायचं म्हणजे तुम्ही आडवे पडणार. दिवसातले काही तास एखादी मावशी ठेवा, वाचलेले पैसे तिथं लागतील. कुठं काय मदत मिळते ते विचारायला सरकारची १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. आईला आहे म्हणून तुमचा धोका थोडा वाढतो, पण उतारवयात सुरू होणारा अल्झायमर आईकडून मुलाला हमखास येतो असं अजिबात नाही. जीन टेस्ट करायच्या भानगडीत पडू नका, रिपोर्ट काहीही आला तरी करायचं तेच आहे. २०२४ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीनं १४ गोष्टींची यादी दिली, त्या सगळ्या सुधारल्या तर जगातले जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतात किंवा पुढं ढकलले जातात असा त्यांचा अंदाज. त्यात बीपी आहे, शुगर आहे, कोलेस्टेरॉल, सिगरेट, दारू, बसून राहणं, डोक्याला मार (हेल्मेट घाला, गावातल्या गावात जाताना सुद्धा), आणि ऐकू कमी येणं आहे. चाळिशीतलं बीपी सत्तरीत मेंदूवर वसूल होतं आणि तुम्ही आता ४६ चे आहात, म्हणजे तुमची वेळ हीच. मागांच्या खोलीत शिरताना कानात इयरप्लग घाला, कामगारांनाही द्या, मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतात. सुरुवातीला चार दिवस सगळे हसतील. आईची ऑडिओमेट्री करायला जाल तेव्हा तिच्याबरोबर स्वतःचीही करून घ्या, आणि दोघांचे रिपोर्ट काय आले ते मला कळवा.